खुंटीवरची माळ

बीडहून सोलापूरच्या रस्त्याला लागलं आणि मांजरसुंब्याचा घाट चढून बालाघाटाच्या पठारावर आलं, की पुढे चौसाळा येतं. महामार्गाला धरून वसलेलं, आसपासच्या वाड्यावस्त्यांचं बाजाराचं गाव. २००८च्या पुनर्रचनेपर्यंत या नावाचा विधानसभा मतदारसंघ होता. समोरून जाणाऱ्या सोलापूर-धुळे रस्त्याचा क्रमांक तेव्हा २११ होता, आता ५२ आहे. पठारावर पाऊस बेभरवशाचा आणि जमीन बरीचशी हलकी. त्यामुळे दिवाळीच्या आगेमागे जिल्ह्यातल्या गावागावांतून ट्रक-ट्रॅक्टर भरून माणसं ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात.

अशा गावातल्या कुणी दारू सोडायचं मनावर घेतलं, तर लोक त्याला दवाखान्याचं नाव विचारत नाहीत. "माळ घातली का?" असं विचारतात. दारू सुटणं आणि गळ्यात तुळशीची माळ येणं या दोन गोष्टी मराठवाड्याच्या खेड्यात एकमेकींना इतक्या चिकटून आहेत, की "तो आता माळकरी झालाय" एवढ्या वाक्यात सगळं कळतं. व्यसनमुक्तीचा इतिहास सांगणारे बहुधा अमेरिकेपासून सुरुवात करतात. या पठारापुरती तरी सुरुवात माळेपासून करायला हवी.

माळ ही नुसती खूण नाही, तो चारचौघांत दिलेला शब्द आहे. ती कुणा महाराजांच्या हातून घ्यायची असते, आणि घेताना मद्य-मांस सोडायचं, एकादशी धरायची, वारी करायची. शब्द दिला की माणूस एकटा राहत नाही. तो भजनी मंडळात बसू लागतो, दिंडीत चालतो, गावच्या अखंड हरिनाम सप्ताहात पहाटेच्या काकड्यापासून रात्रीच्या कीर्तनापर्यंत राबतो. यात एक गोष्ट फार मोलाची आहे आणि तिच्याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. पिणाऱ्याची सगळ्यात अवघड वेळ म्हणजे दिवेलागण. काम संपलेलं असतं, अंग दुखत असतं, पाय आपोआप ठरलेल्या दिशेला वळतात. हरिपाठ नेमका त्याच वेळेला असतो. कुणी ठरवून तसं केलं असेल असं नाही, पण देवळातल्या त्या तासाभरानं कितीजणांची संध्याकाळ सावरली असेल याची मोजदाद कुठल्याही दप्तरात सापडणार नाही.

बीड जिल्ह्यात ही परंपरा नुसती पंढरपूरहून आलेली नाही, ती इथे घरचीही आहे. पाटोदा तालुक्यातल्या सुपे सावरगाव घाट इथे १८९६ साली जन्मलेले आबाजी सानप पुढे भगवानबाबा झाले. नारायणगडावर राहिलेल्या या कीर्तनकारानं बालाघाटातल्या कष्टकरी माणसांत भक्तीचा आणि शिक्षणाचा आग्रह धरला, जत्रेतल्या पशुबळीला विरोध केला. त्यांच्या नावाचा नारळी सप्ताह आजही दरवर्षी वेगवेगळ्या गावांत भरतो. चौसाळ्याहून बीडकडे जाताना वाटेत मांजरसुंब्याजवळ कपिलधार आहे. तिथे वीरशैव संत मन्मथस्वामींची समाधी आहे आणि कार्तिकी पौर्णिमेला पायी दिंड्या येतात. पंथ वेगळा, गळ्यात माळेऐवजी लिंग, पण दारूला मज्जाव तसाच.

मग अडचण कुठे आली? ती माळेतच होती. माळ चारचौघांत घालायची असते आणि मोडतेही चारचौघांत. ज्याची तलफ शरीरात मुरलेली आहे, तो महिना-दोन महिन्यांत एखाद्या लग्नात, एखाद्या मयतीच्या रात्री घसरतो. घसरलेल्या माणसानं माळ गळ्यात ठेवायची नाही, असा रिवाज. तो ती काढून खुंटीला अडकवतो. "माळ खुंटीला टांगली" हे शब्द गावात हसून बोलले जातात, पण त्या माणसाच्या घरात ते हसून ऐकले जात नाहीत. ज्या मंडळात बसून त्याला आधार मिळत होता, तिथेच आता त्याला तोंड दाखवायला जागा उरत नाही. पुन्हा माळ घालायची तर आधी निदान काही दिवस न पिता काढायला हवेत, आणि नेमकं तेवढंच त्याला एकट्याला जमत नसतं.

दुसऱ्या बाजूला दारू मात्र सरकारमान्य आणि हाताशी होती. मराठवाडा १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि त्या राज्याच्या तिजोरीत आबकारीचा वाटा मोठा होता. एखाद्या भागात दारू आणि शिंदी विकण्याचा हक्क लिलावात जो जास्त बोली लावील त्याला मिळे. तो गुत्ता, आणि घेणारा गुत्तेदार. मराठवाड्यात आजही रस्ता-बांधकामाच्या ठेकेदाराला गुत्तेदारच म्हणतात, आणि दारूच्या दुकानाला दारूचा गुत्ता. ओढ्याकाठची शिंदीची झाडं म्हणजे सरकारचं उत्पन्न होतं. म्हणूनच हैदराबाद मुक्तिसंग्रामात १९४७नंतर स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखालच्या कार्यकर्त्यांनी शिंदीची झाडं तोडण्याची मोहीम काढली. करोडगिरी नाक्यांवरचे हल्ले, जंगल सत्याग्रह आणि ही झाडतोड, तिन्हींचा रोख निजामाच्या महसुलावर होता. नशाबंदीचा विचार काहींच्या मनात जरूर होता, पण कुऱ्हाड चालली ती राज्य पाडण्यासाठी. पिणाऱ्याचं पुढे काय, हा प्रश्न त्या धामधुमीत कुणाला सुचण्यासारखा नव्हता.

हा प्रश्न तसा महाराष्ट्रात बरेच दिवस मागेच पडला. दुकानांविरुद्ध बोलणारे खूप झाले. जोतीराव फुल्यांनी १८८० साली पुणे नगरपालिकेच्या अध्यक्षांना पत्र लिहून शहरात वाढणाऱ्या दारूच्या दुकानांना विरोध केला होता. गाडगेबाबांनी कीर्तनातून दारूवर कोरडे ओढले. मुंबई शहरात १९३९च्या ऑगस्टमध्ये नशाबंदी आली, मुंबई राज्यात १९५०च्या एप्रिलपासून ती पूर्ण झाली. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला आणि १९५९च्या दुरुस्ती कायद्यानं मुंबईचा दारूबंदी कायदा इथेही लागू झाला. कायद्यानं दारू बेकायदा केली, हातभट्ट्या रानात गेल्या, पोलिसांचे छापे सुरू झाले. १९६०च्या दशकात बंदी सैल होत गेली आणि १९७३च्या नियमांनी देशी दारूची परवानाधारक दुकानं उभी राहिली. या सगळ्या काळात पिणारा माणूस कधी गुन्हेगार ठरला, कधी परवानाधारक, कधी गिऱ्हाईक. आजारी म्हणून त्याच्याशी कुणी बोलल्याचं क्वचितच दिसतं.

१९७२च्या दुष्काळानं मराठवाड्याचं कंबरडं मोडलं, आणि कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्राकडे जाणाऱ्या टोळ्या वाढत गेल्या. नवराबायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून उचल, फडाशेजारी पाचटाच्या कोप्या. पहाटेपासून मोळ्या बांधून आणि गाडी भरून मोडलेल्या अंगाला संध्याकाळी 'चपटी' लागते, असं टोळीतली माणसं सांगतात. त्या उसाच्या मळीपासूनच देशी दारूचं स्पिरिट बनतं. पैसे दारूत गेले की उचल फेडायची उरते, आणि पुढच्या हंगामाची नवी उचल घ्यावी लागते. दारू आणि कर्ज यांची ही गाठ सोडवल्याशिवाय बीडमधल्या व्यसनमुक्तीबद्दल काही बोलणं म्हणजे अर्धंच बोलणं आहे.

माळ तुटलेल्या माणसाला परत आत घेणारी बैठक मात्र फार दूर जन्मली. १९३५च्या मे महिन्यात न्यूयॉर्कचा बिल विल्सन हा शेअरबाजारातला माणूस ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रन गावी एका व्यवहारासाठी आला होता. व्यवहार फसला. पाचसहा महिने न पिता काढलेला हा माणूस हॉटेलच्या दिवाणखान्यात एकटा उभा होता. एका टोकाला बार होता, दुसऱ्या टोकाला टेलिफोन. त्यानं टेलिफोन उचलला, चर्चच्या यादीतले नंबर फिरवले आणि कुणी पिणारा माणूस भेटेल का, त्याच्याशी मला बोलायचंय, अशी विनवणी केली. त्यातून भेट झाली डॉ. बॉब स्मिथ या सर्जनशी. पंधरा मिनिटं बसतो म्हणून आलेले डॉक्टर काही तास बसले. त्यांना आजवर उपदेश करणारे खूप भेटले होते, स्वतःची तीच गत सांगणारा पहिल्यांदा भेटला.

पण पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची. डॉ. बॉब काही दिवसांतच घसरले. वैद्यकीय परिषदेला म्हणून बाहेरगावी गेले आणि पिऊन परतले. बिलनं त्यांना सोडलं नाही. १० जून १९३५ला डॉक्टरांनी शेवटचा घोट घेतला, आणि तोच दिवस 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस' म्हणजे ए.ए.चा स्थापना दिवस मानला जातो. म्हणजे या संघटनेची वर्षं मोजली जातात ती घसरून परत आलेल्या एका माणसाच्या दिवसापासून. माळ खुंटीला टांगलेल्यालाच पहिलं आसन, अशी ही रीत. सभासदत्वाची अट एकच: पिणं थांबवण्याची इच्छा. फी नाही, रजिस्टर नाही, आडनाव नाही. खर्चाला टोपी फिरते, ज्याला जमेल त्यानं टाकायचं. बाहेरच्यांकडून देणगी घेत नाहीत आणि राजकारणात, नशाबंदीच्या बाजूनं किंवा विरोधात, भूमिका घेत नाहीत. चळवळींनी घडलेल्या महाराष्ट्राला हे विचित्र वाटू शकतं. पण दुकानाविरुद्ध लढणं आणि शेजारच्या खुर्चीतल्या माणसाला आजची रात्र पार करून देणं, ही दोन वेगळी कामं आहेत.

भारतात ए.ए. आली १९५७ साली, दिल्लीत राहायला आलेल्या एका कॅनेडियन सभासदामुळे. नंतर ती मुंबईत रुजली. वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चमधून १९८१ साली फादर ज्यो परेरांनी कृपा फाउंडेशन सुरू केलं आणि ए.ए.च्या बारा पायऱ्यांच्या पद्धतीला अय्यंगार योगाची जोड दिली. मात्र मराठी मध्यमवर्गाच्या कानावर हा विषय खऱ्या अर्थानं पडला तो अनिल अवचटांमुळे. पुण्यामुंबईत पोरं गर्द या अमली पदार्थाच्या विळख्यात सापडत होती, अवचटांनी त्यावर लिहिलं, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले आणि मदतीला उभे राहिले. येरवड्याच्या मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ असलेल्या, अनिल यांच्या पत्नी डॉ. सुनंदा अवचटांनी काम अंगावर घेतलं. २९ ऑगस्ट १९८६ला त्याच आवारात 'मुक्तांगण' उभं राहिलं. पुढे तिथे येणाऱ्यांत दारूचेच रुग्ण जास्त झाले. पाच आठवड्यांचा मुक्काम, आणि घरी गेल्यावर ठिकठिकाणच्या पाठपुराव्याच्या बैठका. बरे झालेले रुग्णच तिथे कार्यकर्ते होतात, आणि बायकांसाठी 'सहचरी' नावाचा गट भरतो. सुनंदा अवचट १९९७ साली गेल्या, पण केंद्राला त्यांनी लावलेली शिस्त आणि माया टिकून राहिली. साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी उभं केलेलं 'परिवर्तन' हे केंद्रही याच वाटेवरचं.

चौसाळ्याकडून पाहिलं तर ही सगळी नावं लांबची आहेत. जवळचा मोठा दवाखाना म्हणजे बीडचं जिल्हा रुग्णालय किंवा अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय. आणि पहिला मुक्काम दवाखान्यातच व्हायला हवा, हे ठासून सांगायला पाहिजे. रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम बंद केलं तर हात थरथरतात, झोप उडते, भास होतात, फिट येते, आणि क्वचित जीवही जातो. "देवाचं नाव घे आणि सोड" असं म्हणून खोलीत कोंडलेली माणसं या कारणानं दगावू शकतात. शरीर डॉक्टरांच्या देखरेखीखाली शांत झालं, की मग बैठकीचं काम सुरू होतं. १४४४६ ही केंद्र सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन आणि १४४१६ ही २०२२ साली सुरू झालेली टेलिमानस सेवा, या दोन्हींवर फोन करून जवळचं केंद्र विचारता येतं. ए.ए.चं मराठी साहित्य आहे, मराठीत चालणाऱ्या बैठका आहेत. २०२०च्या टाळेबंदीत खोल्या बंद पडल्या तेव्हा कित्येक बैठका मोबाइलवर भरू लागल्या आणि काही तशाच राहिल्या.

तरीही पोचणारे थोडे. एम्सनं केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांमागे एकालाच कसले तरी उपचार मिळाल्याचं दिसलं, आणि दवाखान्यात दाखल होऊन उपचार मिळाले ते १८० जणांमागे एकाला. उरलेले घरीच राहतात, आणि त्यांच्याबरोबर त्यांची घरंही.

बैठक असते तरी कशी? एखादी शाळेची खोली, सभागृहाची मागची बाजू, दवाखान्याचा व्हरांडा. गोल मांडलेल्या खुर्च्या, चहा, टेबलावर एक निळं पुस्तक. एकेक जण पहिलं नाव सांगतो आणि पुढे 'मी मद्यपाशी' एवढंच जोडतो. मद्यपाश हा मराठी ए.ए.मध्ये रूढ असलेला शब्द किती नेमका आहे: पाश म्हटलं की बांधलेला माणूस दिसतो, वाईट माणूस दिसत नाही. मग शेअरिंग. बायकोच्या मंगळसूत्राचं काय झालं, पोरीच्या फीच्या पैशाचं काय झालं, कोणत्या मोरीत पहाट उजाडली. कुणी मध्ये बोलत नाही, कुणी सल्ला देत नाही. कुणी घसरलं असेल तर त्याला 'स्लिप झाली' म्हणतात, आणि त्याचे दिवस पुन्हा एकपासून मोजतात. वर्ष पूर्ण झालेल्याला टाळ्या आणि मेडल मिळतं, आणि काल पिऊन आज आलेल्यालाही टाळ्या मिळतात. आयुष्यभराची शपथ कुणी मागत नाही, फक्त आजचा दिवस. ही पद्धत चालते का, याचा शोधही लोकांनी घेतला आहे. वैद्यकीय संशोधनाच्या २०२०च्या कॉक्रेन आढाव्यात २७ अभ्यासांतले दहा हजारांवर माणसांचे अनुभव तपासले गेले, आणि सलग न पिता राहण्याच्या बाबतीत ए.ए. आणि तिच्या पायऱ्यांवर बेतलेले उपचार इतर प्रस्थापित उपचारांइतकेच किंवा त्यांहून परिणामकारक ठरले.

मोठ्या शहरात निनावी राहणं सोपं. चौसाळ्यासारख्या गावात कुणाची मोटारसायकल कुठल्या दारात उभी आहे, हे चहाच्या टपरीवर आधी कळतं. म्हणून खेड्यातला माणूस बहुधा परगावच्या बैठकीला जातो, घरी सांगतो की बीडला काम आहे, आणि एसटीचं भाडं खर्चून दीड तास बसून येतो. ए.ए.मधलं 'निनावी' हे इथे खरं कसाला लागतं. पण गावात त्याचं पिणंही कधी लपलेलं नव्हतं. ज्यांनी त्याला रस्त्यावर पडलेलं पाहिलंय, त्यांनी त्याला बैठकीला जाताना पाहिलं तर काय बिघडलं, हा विचार पटायला वेळ लागतो. ज्यांना तो पटतो, तेच पुढे गावात उघडपणे दुसऱ्याच्या घरी जाऊन "चल माझ्याबरोबर" म्हणू शकतात.

बायकांनी मात्र कधीच निनावी राहून लढा दिला नाही. राज्य सरकारच्या २००८च्या आदेशानुसार गावातल्या पंचवीस टक्के महिला मतदारांनी मागणी केली तर दुकानावर मतदान घेता येतं, आणि निम्म्याहून जास्त मतं 'आडव्या बाटली'ला, म्हणजे बंदीच्या चिन्हाला, पडली तर दुकान बंद होतं. महाराष्ट्रात कितीतरी गावांत बायका कामधंदा सोडून या मतदानाला रांगा लावून उभ्या राहिल्या. १५ डिसेंबर २०१६ला सर्वोच्च न्यायालयानं राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून पाचशे मीटरच्या आत दारू विकायला मनाई केली. वीस हजारांहून कमी वस्तीच्या ठिकाणी पुढे हे अंतर दोनशे वीस मीटर झालं. महामार्गालगतच्या गावांतल्या बायकांना काही काळ हायसं वाटलं. नंतर सवलती आल्या, आणि बंद पडलेली कित्येक दुकानं परत उघडली. दुकान बंद झालं तरी घरातला माणूस पुढच्या गावी जातो, हे त्या बायकांइतकं कुणालाच माहीत नाही. म्हणूनच त्यांच्यासाठी वेगळी बैठक लागते. अमेरिकेत बिलच्या पत्नी लोइस यांनी १९५१ साली 'अल्-अ‍ॅनॉन' सुरू केलं. आपल्या मराठवाड्यात हे काम बचतगटाच्या बैठकीत होऊ शकतं. तिथे हप्त्याचे पैसे का आले नाहीत याचं खरं कारण एखादी हळू आवाजात सांगते, आणि बाकीच्या जणी समजून घेतात.

सगळ्यात मोठी अडचण हंगामाची आहे. दवाखान्यात राहून आलेला, चार-पाच महिने बैठकीला गेलेला माणूस दिवाळीनंतर टोळीबरोबर सांगली, कोल्हापूर किंवा कर्नाटकात जातो, आणि बैठक मागे राहते. कोपीशेजारी पिणारे असतात, विकणारा दारात येतो, आणि मुकादमाला त्याच्या मन:स्थितीशी घेणं नसतं. बारमाही शहरी माणसासाठी बांधलेली ही रीत निम्मं वर्ष परगावी राहणाऱ्या माणसाला जशीच्या तशी पुरत नाही. तिला इथे जोड द्यावी लागेल: टोळीतल्या दुसऱ्या एखाद्या दारू सोडलेल्या माणसाशी गाठ घालून द्यावी लागेल, कारखान्याच्या तळावर आठवड्याची एक बैठक लागेल, आणि गावी राहिलेल्यांनी फोन उचलावा लागेल. वारकऱ्यांनी हे आधीच करून दाखवलेलं आहे. गाव सोडून पंढरीला निघालेला माळकरी एकटा चालत नाही, दिंडी बरोबर चालते, आणि वाटेतल्या प्रत्येक मुक्कामाला हरिपाठ होतो.

म्हणून टोळी निघायच्या आदल्या दिवशी सगळ्यात उपयोगाची गोष्ट म्हणजे एक चिठ्ठी. त्यावर दोन-तीन नंबर मोठ्या अक्षरांत लिहायचे, ती मोबाइलच्या कव्हरमागे घालायची, आणि फोन कधी करायचा हेही ठरवून ठेवायचं. काम आटोपून चूल पेटायच्या सुमाराला, चपटीवाला कोपीकडे यायच्या आधी. गावच्या देवळात हरिपाठाचे टाळ सुरू होतात तीच ही वेळ.